मधमाशी आणि गांधीलमाशीचा दंश : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, काटोल-नरखेडकडच्या बागांत आंबिया बहाराची फळे धरू लागलेली असतात आणि उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या मोहोळे लटकलेली दिसतात. मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या दंशाविषयीची पत्रे याच सुमारास वाढतात. त्यांपैकी काही प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली, ती अशी की बहुतेकांची भीती सूज पाहून सुरू होते, आणि ज्या लक्षणांची खरी भीती बाळगायला हवी ती मात्र ‘घाबरल्यामुळे झाले असेल’ असे म्हणून सोडून दिली जातात. त्यामुळे सगळ्या उत्तरांची लांबी सारखी ठेवलेली नाही; जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : कूलर पुसताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला गांधीलमाशी चावली. आम्ही लगेच चुना लावला आणि लोखंडी चावी घासली. दुसऱ्या दिवशी सूज मनगटापासून कोपरापर्यंत चढली. शेजारच्या काकू म्हणतात की विष वर चढत आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. मुलगा खेळतो-जेवतो आहे, तरीही काळजी वाटते.
— एक आई, मानेवाडा

उत्तर : मुलगा नीट जेवतो, खेळतो आणि त्याला दंशाच्या जागेखेरीज इतरत्र काही त्रास नाही, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. त्याला जे झाले आहे त्यास मोठी स्थानिक प्रतिक्रिया म्हणतात. दंशाच्या जागेभोवती दहा सेंटीमीटरहून अधिक सूज येते, ती पहिले २४ ते ४८ तास वाढत जाते आणि पाच ते दहा दिवसांत हळूहळू ओसरते. हातावर दंश झाला तर कोपरापर्यंत आणि पायावर झाला तर गुडघ्यापर्यंत सूज चढणे यात असाधारण काही नाही. विष वर चढत आहे असा तिचा अर्थ नसतो. विषातील प्रथिनांना शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जागी जोरदार उत्तर देत असते, त्याची ती खूण असते.

पहिल्या एक-दोन दिवसांतली लाली आणि सूज ही बहुधा जंतुसंसर्गामुळे नसते, त्यामुळे तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. संसर्ग झालाच तर त्याचे चित्र वेगळे असते. ओसरू लागलेली सूज तीन-चार दिवसांनी पुन्हा वाढते, ठणका लागतो, ताप येतो किंवा पू दिसतो. दुकानातून आणलेल्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या की नाहीत, हे मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून ठरवावे. दरम्यान हात उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरून थोडी विश्रांती देत पुन्हा धरावा, आणि बोटात अंगठी किंवा मनगटात कडे असेल तर सूज वाढण्यापूर्वीच काढून ठेवावे. खाजेसाठी सेटिरिझिन आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वयाप्रमाणे व वजनाप्रमाणे डॉक्टर देतात. सूज फारच मोठी असेल तर काही दिवस स्टेरॉइडही देतात.

चुन्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. विष सुईप्रमाणे त्वचेच्या आत सोडले जाते आणि वरून लावलेला चुना, कांदा, शेण, खाण्याचा सोडा किंवा व्हिनेगर यांपैकी काहीही त्या विषापर्यंत पोहोचून त्याला निष्प्रभ करीत नाही. ‘मधमाशीचे विष आम्ल असते म्हणून सोडा लावावा आणि गांधीलमाशीचे अल्कधर्मी असते म्हणून व्हिनेगर लावावे’ हा सल्ला शाळेच्या प्रयोगशाळेत शोभून दिसतो, त्वचेखाली तो चालत नाही. चुना तर स्वतःच त्वचा भाजतो, आणि मग सूज दंशाची किती व चुन्याची किती हे आम्हालाही कळेनासे होते. साबणाने धुवून थंड शेक देणे एवढेच घरी पुरेसे आहे.

ज्यांना अशी मोठी सूज येते त्यांना पुढच्या दंशाच्या वेळी सर्वांगाची प्रतिक्रिया येण्याची शक्यता साधारण पाच ते दहा टक्के असते, म्हणजे दहातल्या किमान नऊ जणांना ती येत नाही. कूलरविषयी एवढेच सांगतो की वर्षभर बंद पडलेल्या कूलरच्या आतल्या कोपऱ्यात गांधीलमाशीचे कागदासारखे पातळ, राखाडी पोळे असू शकते. वाळ्याच्या ताट्या काढण्याआधी मोठ्या माणसाने दुरून, टॉर्च लावून आत पाहून घ्यावे आणि ते काम मुलांकडे देऊ नये.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला मानेवर एकच मधमाशी चावली. दहा मिनिटांत त्याच्या सर्वांगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, एक उलटी झाली आणि तो उभ्याचा खाली बसला. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन व इंजेक्शने दिली, तासाभरात त्याला बरे वाटले आणि आम्ही घरी आलो. भाऊ ४६ वर्षांचा आहे व ब्लडप्रेशरची गोळी घेतो. बागेत मधमाश्या असतातच. आता पुढे काय करावे?
— एक संत्रा उत्पादक, काटोल तालुका

उत्तर : आपल्या भावाला झालेला त्रास हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी सर्वांगाची तीव्र ॲलर्जी, होता, असे आपण दिलेल्या वर्णनावरून म्हणावे लागते. तो बरा झाला याचे समाधान आहे, पण ‘एकदा झाले, संपले’ असे समजू नका. ज्या प्रौढ माणसाला दंशानंतर असा सर्वांगाचा त्रास झाला आहे त्याला पुढच्या दंशाच्या वेळी तो पुन्हा होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते, आणि दर वेळी गावातल्या डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचता येईलच असे नाही.

हे घडते कसे ते आधी समजून घ्यावे. पूर्वी कधी तरी झालेल्या दंशाच्या वेळी भावाच्या शरीराने मधमाशीच्या विषातील प्रथिनांविरुद्ध, विशेषतः फॉस्फोलायपेज ए२ नावाच्या प्रथिनाविरुद्ध, ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडे तयार करून ठेवली असावीत. त्या वेळी साधी सूज येऊन गेली असेल आणि कोणाच्या लक्षातही राहिले नसेल. पुढच्या दंशाला हीच प्रतिपिंडे पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम मोकळी करतात; त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आकसतात आणि घशाला सूज येते. म्हणूनच इथे विषाच्या मात्रेला फारसे महत्त्व नसते, एक दंशही पुरतो. सर्वांगाचा असा त्रास प्रौढांपैकी साधारण तीन टक्के लोकांना होतो, मुलांमध्ये तो त्याहून कमी आढळतो.

लक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतात. दंशाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, गिळता न येणे, दम लागणे, छातीत घरघर, पोटात मुरडा, उलटी किंवा जुलाब, घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि विनाकारण ‘आता काही खरे नाही’ अशी धास्ती वाटणे ही ती लक्षणे होत. काही रुग्णांच्या अंगावर एकही गांध उठत नाही, ते थेट चक्कर येऊन कोसळतात. शेतात अशा माणसाला ऊन लागले असे समजून पाणी पाजत बसण्यात मोलाची मिनिटे जातात.

या अवस्थेत जीव वाचविणारे औषध एकच आहे, ते म्हणजे ॲड्रिनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस, मध्यावर, स्नायूत टोचतात. प्रौढांना एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम या ताकदीचे अर्धा मिलिलिटरपर्यंत, आणि मुलांना दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने. उतार पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. ॲव्हिल (ॲलर्जीवरचे, हिस्टामिनला रोखणारे औषध) आणि स्टेरॉइड यांची इंजेक्शने आपल्याकडे सर्रास आधी दिली जातात, परंतु ॲव्हिलने खाज कमी होते, रक्तदाब सावरत नाही, आणि स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ही दोन्ही ॲड्रिनालिननंतर द्यायची औषधे आहेत, त्याच्या जागी द्यायची नाहीत. ॲड्रिनालिन हे स्वस्त आणि साधे औषध आहे, तरीही केवळ हृदयाची धडधड वाढेल या भीतीने ते उशिरा दिले जाते. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी या स्तंभातून कळकळीने सांगतो की धोका ते देण्यात कमी आणि उशीर करण्यात जास्त आहे.

रुग्णाला आडवे झोपवून पाय थोडे उंच करावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, पण बरे वाटले म्हणून लगेच उभे करू नये किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये, कारण उभे राहताच रक्तदाब पुन्हा कोसळून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भावाला तासाभरात घरी आणले ते लवकर झाले. उतरलेली लक्षणे काही तासांनी पुन्हा उलटू शकतात, म्हणून त्रास तीव्र असेल तर किमान सहा तास, आणि गरज पडल्यास रात्रभर, देखरेखीखाली ठेवणे इष्ट असते.

आता पुढचे. भावाला ॲलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवावे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून मिहानमधील एम्सपर्यंत मोठी रुग्णालये आहेत, तिथून योग्य विभागाकडे पाठविण्याची व्यवस्था होऊ शकेल. विषाची रक्तचाचणी व त्वचाचाचणी दंशानंतर चार ते सहा आठवड्यांनी करणे योग्य असते, कारण लगेच केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. मधमाशीचे विष आणि गांधीलमाशीचे विष यांतील प्रमुख प्रथिने वेगळी असतात, तेव्हा एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याचीही, असे धरून चालू नये. चाचणी त्यासाठीच असते. ब्लडप्रेशरच्या गोळीचे नाव तज्ज्ञांना अवश्य सांगावे. बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर ॲड्रिनालिनचा परिणाम कमी पडू शकतो आणि एसीई इन्हिबिटर गटातील गोळीने प्रतिक्रिया अधिक तीव्र होऊ शकते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती बदलायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

विषाची अगदी सूक्ष्म मात्रा वाढवत नेत टोचून शरीराला सवय लावण्याचा एक उपचार आहे, त्याला विष-इम्युनोथेरपी म्हणतात. ती तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते. मधमाशीच्या बाबतीत सुमारे ८० टक्के आणि गांधीलमाशीच्या बाबतीत ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना ती पुढच्या दंशापासून संरक्षण देते. भारतात ती मोजक्याच ठिकाणी मिळते, तरी भावासारख्या बागेत काम करणाऱ्या माणसाने तिची चौकशी करणे योग्य ठरेल. स्वतःच टोचून घेण्याचे ॲड्रिनालिनचे तयार पेन परदेशात अनेक रुग्ण बाळगतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. त्याऐवजी ॲड्रिनालिनची कुपी, सिरिंज आणि मात्रेची लेखी सूचना असा संच डॉक्टरांकडून घेऊन, घरातल्या किमान दोघांनी तो वापरण्याचे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे. संच उन्हात ठेवू नये. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर नाहीच नाही.

बहर फुलल्यावर बागेतून मधमाश्या हाकलून लावण्याचा विचार मनात आला असेल, तर तो कृपया सोडून द्या. फळधारणेला त्यांची मदत होते. त्याऐवजी फुलोऱ्याच्या दिवसांत भावाकडे बागेबाहेरची कामे द्यावीत आणि बागेत जावेच लागले तर पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट आणि सोबत एक माणूस, एवढे पाळावे.

प्रश्न : अंबाझरीकडे सकाळी फिरताना आमच्या गटावर आग्या मोहोळाच्या माश्या तुटून पडल्या. माझ्या मित्राला शंभराच्या आसपास दंश झाले. एका दवाखान्यात काटे काढून, इंजेक्शन देऊन त्याला दुपारी घरी सोडले. दुसऱ्या दिवशी लघवी काळपट लाल झाली आणि तिसऱ्या दिवशी किडनीचे काम मंदावल्याचे निदान झाले. याचा दंशाशी संबंध आहे का?
— निवृत्त अभियंता, धरमपेठ

उत्तर : थेट संबंध आहे, आणि हा ॲलर्जीपेक्षा निराळा प्रकार आहे. एक मधमाशी साधारण ५० ते १०० मायक्रोग्रॅम विष सोडते. एका दंशाला ती मात्रा नगण्य असते, परंतु दंश शंभरावर गेले की ॲलर्जी मुळीच नसलेल्या माणसालाही ती विषबाधाच ठरते. या विषाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाचे प्रथिन असते आणि ते पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. तांबड्या रक्तपेशी व स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतात, लघवीला गडद रंग येतो आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका बंद पडू लागतात. हे सारे काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत उलगडत जाते, म्हणून दुपारी ठणठणीत दिसणारा माणूस तिसऱ्या दिवशी आजारी पडतो.

यासाठी प्रौढांना ५० हून अधिक, मुलांना व वृद्धांना त्याहूनही कमी दंश झाले असतील तर रुग्णाला किमान २४ तास भरती ठेवावे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी), पोटॅशियम, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी), लघवी आणि यकृताच्या चाचण्या पुन्हा पुन्हा कराव्यात व शिरेतून भरपूर द्रव द्यावा, असा माझा आग्रह आहे. मोठ्या गांधीलमाश्यांच्या बाबतीत याहून कमी दंशांनीही किडनीला इजा झालेली आहे. मधमाशीच्या विषावर उतारा म्हणून वापरता येईल असे औषध आपल्याकडे उपलब्ध नाही, आणि सापाच्या विषावरची लस इथे निरुपयोगी आहे. काही रुग्णांना काही दिवस किंवा आठवडे डायलिसिस लागते, पण वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेकांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. आपल्या मित्राच्या बाबतीतही तशी आशा बाळगायला जागा आहे. लघवी साफ झाली तरी पुढील काही महिने क्रिएटिनिन तपासत राहावे.

माश्या अंगावर आल्यावर जमिनीवर लोळणे, हात झाडणे किंवा तलावात उडी मारणे यांतले काहीही करू नये. पाण्याबाहेर डोके काढताच घिरट्या घालणाऱ्या माश्या पुन्हा चावतात, आणि बुडण्याचा धोका वेगळाच. नागपुरात उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात दुपट्टा असतो; तो डोक्या-तोंडावर ओढून घ्यावा आणि सरळ पळत जाऊन बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. सोबत दोन-चार माश्या आत आल्या तरी दार लावून घ्यावे. चावलेल्या माशीच्या काट्यातून आयसोपेंटाइल ॲसिटेट हे पिकलेल्या केळ्यासारख्या वासाचे द्रव्य पसरते आणि त्या वासावर इतर माश्या त्याच जागी येतात, म्हणून दंश झालेल्या ठिकाणी थांबून राहणे सर्वांत धोक्याचे असते.

प्रश्न : काटा चिमटीने ओढला तर विष आणखी आत जाते, तो कार्डाने खरडूनच काढावा, असे प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवले. हे बरोबर आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : काटा कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. कामकरी मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, त्यामुळे तो विषाच्या पिशवीसह त्वचेत अडकून राहतो आणि पिशवी पुढेही विष ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत गेलेले असते. तेव्हा कार्ड शोधत बसू नका, नखाने किंवा चिमटीने, जसे जमेल तसे त्याच क्षणी काढा. गांधीलमाशीचा काटा सहसा मागे राहत नाही आणि तीच माशी अनेकदा चावू शकते, त्यामुळे तिच्या दंशात काटा शोधण्यासाठी त्वचा उकरू नये.

प्रश्न : रसवंतीवर उसाच्या रसाच्या ग्लासातून माशी तोंडात गेली आणि जिभेला चावली तर काय करावे? डोळ्याला चावली तर?
— एक वाचक, महाल

उत्तर : जीभ किंवा घसा सुजून श्वासाचा मार्ग अडू शकतो, म्हणून ॲलर्जी नसली तरी बर्फाचा खडा चघळत थेट रुग्णालयात जावे, घरी वाट पाहू नये. डोळ्याच्या बुबुळात काटा रुतला असेल तर डोळा चोळू नये, काटा स्वतः काढू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. उशीर झाल्यास बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. रसवंतीवर लहान मुलांच्या हाती उघडा ग्लास देण्यापूर्वी आत पाहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्या मोहोळ आहे. एक कंत्राटदार रात्री जाळून काढून देतो म्हणतो. सोसायटीत दोन मते आहेत.
— सोसायटीचे सचिव, मनीषनगर

उत्तर : जाळू नये. जळत्या पोळ्यातून सुटलेल्या माश्या इमारतीतील दिव्यांकडे व खिडक्यांकडे धावतात, आणि उंचावर जाळ लावण्याचा धोका वेगळा. आग्या माश्या एका जागी बारमाही राहत नाहीत, फुलोऱ्याच्या हंगामानुसार त्या स्थलांतर करतात, त्यामुळे पोळे वापरातल्या खिडकीपासून दूर असेल तर काही महिने त्याला हात न लावणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे. तेवढ्या काळात त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, त्यांना बारीक जाळी बसवावी, रात्री त्या बाजूचे प्रखर दिवे मालवावेत, गच्चीवर धूर करू नये आणि मुलांनी त्या दिशेला दगड किंवा चेंडू मारू नये. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा पोळ्यात अडकून माश्या उठू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. पोळे लिफ्टच्या दाराशी किंवा जिन्यात असून हलविण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मधमाशीपालनाचे प्रशिक्षण घेतलेल्या व माश्या न मारता पोळे काढणाऱ्या माणसाकडूनच ते काढून घ्यावे. काम चालू असताना रहिवाशांनी आत थांबावे, आणि ज्यांना पूर्वी दंशाने सर्वांगाचा त्रास झाला आहे अशांची नोंद सोसायटीने आधीच करून त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. माश्या निघून गेल्यावर रिकामे पोळे खरवडून ती जागा रंगवून घ्यावी, कारण जुन्या मेणाच्या वासाने पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी नवी वसाहत बसण्याची शक्यता असते.